आधी कॉफी, मग बाटली

कॉफी कॉकटेल घरी करायचं म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न बाटलीचा असतो. व्होडका घ्यायची की रम, लिक्योर (गोड, स्वादाची दारू) कुठलं आणायचं? मला विचाराल तर बाटली सगळ्यात शेवटी. आधी कॉफी ठरवायची. ती किती दाट आहे, किती कडू, किती आंबूस, गरम पडणार आहे की गार, हे एकदा नक्की झालं की बाकीचं सगळं तिच्या बेताने जमवता येतं. उलट्या क्रमाने गेलं तर बाटली कितीही भारी असो, ग्लासात शेवटी कॉफीचा वास असलेलं गोड पाणीच उरतं.

हे मला एस्प्रेसो मार्टिनीने, म्हणजे व्होडका आणि कॉफीच्या कॉकटेलने शिकवलं, म्हणून तिच्यापासूनच सांगते.

लंडनमध्ये १९८० च्या दशकात डिक ब्रॅडसेल या बारटेंडरने हे पेय पहिल्यांदा केलं. तेव्हा त्याचं नाव व्होडका एस्प्रेसो होतं. तो जिथे उभा राहून पेयं करायचा, त्याला लागूनच कॉफीचं मशीन होतं. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो, कारण हे पेय जन्मलं तेच नुकत्याच काढलेल्या कॉफीतून. इंटरनॅशनल बारटेंडर्स असोसिएशनची कृती अशी आहे: ५० मिली व्होडका, ३० मिली कॉफी लिक्योर, १० मिली साखरेचा पाक आणि एक कडक एस्प्रेसो, म्हणजे मशीनने दाबाखाली काढलेली दाट कॉफी. मी पहिल्यांदा हीच मापं धरली आणि मग हळूहळू माझ्या जिभेकडे वळवली. आता माझं माप आहे ४० मिली व्होडका, २० मिली लिक्योर, ३० मिली कॉफी आणि ५ मिली पाक. दारू उतरली, साखर उतरली, कॉफी पुढे आली.

माझ्याकडे एस्प्रेसो मशीन नाही. मोका पॉट आहे, चुलीवर ठेवायचं कॉफीचं भांडं, तोच, इटलीत अल्फोन्सो बियालेटीने १९३३ साली आणलेला अष्टकोनी प्रकार. मशीन साधारण ९ बार दाबाने पाणी ढकलतं, मोका पॉटमध्ये दाब १ ते २ बारच्या आसपासच असतो. त्यामुळे मशीनसारखा सोनेरी थर वर येत नाही. पण कॉकटेलसाठी ही काही अडचण नाही. मी खालच्या भांड्यात आधीच उकळलेलं पाणी घालते, म्हणजे पावडर चुलीवर उगाच तापत बसत नाही. पावडर मिठाहून किंचित बारीक, जाळीत सपाट भरलेली, पण दाबलेली नाही. मंद आच, झाकण उघडं, आणि नजर त्या मधल्या नळीवर. पहिल्यांदा जे येतं ते जवळजवळ काळं, पाकासारखं संथ असतं. मग रंग तांबूस होतो, मग मधासारखा पिवळट, आणि शेवटी फुरफुर सुरू होते. ती फुरफुर सुरू व्हायच्या आत भांडं उतरवून त्याचं बूड नळाखाली धरायचं. कॉकटेलसाठी मी फक्त ते पहिलं काळं ३०-४० मिली काढून घेते. सगळा कस तिथेच असतो. मागचं पातळ उरतं ते दूध घालून सकाळसारखं पिऊन टाकायचं.

आता फेसाकडे येते. एस्प्रेसो मार्टिनीवरचा तो दाट, बिस्किटी रंगाचा फेस अंड्याचा नसतो, क्रीमचा नसतो, कॉफीचाच असतो. कॉफीतली प्रथिनं आणि मोठ्या साखळीच्या शर्करा हवेचे बुडबुडे धरून ठेवतात. ताज्या भाजलेल्या बियांमध्ये कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, त्याचीही मदत होते. म्हणून पाकिटावर रोस्टची तारीख बघून घ्यावी. भाजून एक-दोन आठवडे झालेल्या बिया मला सगळ्यात मानवतात. अगदी कालच्या भाजलेल्यांची चव अजून बसलेली नसते, आणि महिनोन् महिने उघड्या डब्यात राहिलेल्या बियांचा फेस ग्लासात ओतेपर्यंत बसतो. फ्रिजमध्ये रात्रभर भिजवलेली कोल्ड ब्रू इथे कमी पडते. चव गोल असते तिची, पण फेस पातळ. कोल्ड ब्रूच वापरायची असेल तर मी साधा पाक न घेता दोनास एक पाक घेते, म्हणजे दोन वजनं साखर आणि एक वजन पाणी. त्याने पेयाला अंग येतं, फेसही जरा जास्त टिकतो.

शेकर, म्हणजे पेय बर्फासोबत हलवायचं झाकणाचं भांडं, नसला तर घट्ट झाकणाची बरणी चालते, आणि मी बरेच दिवस तीच वापरली. फक्त एक काळजी घ्यायची. गरम कॉफी घालून लगेच झाकण लावायचं नाही. गरम वाफेने आतला दाब वाढतो आणि हलवताना झाकण उडतं. कॉफी स्टीलच्या पेल्यात काढून पेला बर्फाच्या पाण्यात दोन मिनिटं फिरवला की ती निवते. जास्त वेळ ठेवू नये, सुगंध जातो.

बर्फ फ्रीजरमधून थेट, मोठे तुकडे, शेकर दोनतृतीयांश भरेल इतका. मग बारा-पंधरा सेकंद जीव तोडून हलवायचं. हळुवार हलवण्याचं हे काम नाही. भांडं बाहेरून पांढरं पडलं आणि धरवेना झालं की थांबायचं. ओतताना दुहेरी गाळते: शेकरची जाळी आणि खाली चहाची बारीक गाळणी. बर्फाचे कण अडतात, मोठे बुडबुडे फुटतात आणि वर जो थर बसतो तो मखमली असतो. आधी सगळंच तपकिरी गढूळ दिसतं. मग तळापासून काळा रंग वर सरकायला लागतो, फेस वेगळा होतो, आणि अर्ध्या मिनिटात दोन थरांमधली रेघ स्पष्ट उमटते. ही रेघ बघण्यासाठी तरी काचेचा ग्लास घ्या.

शेकिंगमध्ये पाणी किती मिसळतं याचा अंदाज यावा म्हणून मी एकदा वजनकाटा काढला. हलवण्याआधी शंभर ग्रॅमच्या जवळपास असलेलं मिश्रण गाळल्यावर एकशे तीसच्या आसपास भरलं. म्हणजे पाऊण हिस्सा आपलं पेय आणि पाव हिस्सा वितळलेला बर्फ. कॉफी गरम घातली तर हे पाणी आणखी वाढतं. हा आकडा डोक्यात बसला आणि कृती बदलण्याकडे बघण्याची माझी पद्धतच बदलली. पाणी हा कृतीत न लिहिलेला, पण फार मोठा घटक आहे. कॉफी आधीच पातळ असेल तर या पाण्यापुढे तिचा टिकाव लागत नाही. म्हणून मोका पॉटचं ते पहिलं काळं.

दुसरी गोष्ट चव घेण्याची. गोडवा गारव्यात दबतो. बरणीत बर्फ घालण्याआधी चमचाभर चाखलं तर ते नेहमी जास्त गोड लागतं, आणि माणूस पाक कमी करून टाकतो. मग तेच पेय गार झाल्यावर कडूशार. त्यामुळे चव घ्यायची ती हलवून झाल्यावर, आणि कमी पडलं तर पुढच्या ग्लासात पाच मिली वाढवायचे. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहायचा. वही हे माझं सगळ्यात कामाचं भांडं आहे असं मी मनापासून म्हणेन. तारीख, बिया, दळण, मापं, आणि शेवटी एक ओळ: काय जास्त झालं, काय कमी.

कडूपणा कमी करायला प्रत्येक वेळी साखरच लागते असंही नाही. मीठ हे काम फार सुंदर करतं. २० ग्रॅम मीठ ८० ग्रॅम पाण्यात विरघळवून छोट्या ड्रॉपरच्या बाटलीत ठेवलेलं असतं माझ्याकडे. ग्लासमागे दोन थेंब. खारट अजिबात लागत नाही, पण जिभेच्या मागच्या बाजूला जो करपट कडवटपणा रेंगाळतो तो उतरतो आणि चॉकलेटसारखी चव वर येते. मैत्रिणीला एकाच पेयाचे दोन ग्लास न सांगता दिले, एकात थेंब घातलेले, एकात नाही. तिने लगेच पहिला उचलला आणि विचारलं, "यात चॉकलेट घातलंयस का गं?"

खरी मजा सुरू झाली ती बिया बदलायला लागल्यावर. लाइट रोस्टमध्ये, म्हणजे कमी भाजलेल्या बियांमध्ये, फळांसारखा आंबूसपणा असतो. तो व्होडका आणि लिक्योरबरोबर मार्टिनीत घातला तर मला तरी चिरका, जरा धातूसारखा लागतो. पण त्याच बिया जिन आणि संत्र्याच्या सालीबरोबर काय खुलतात! मीडियम आणि डार्क रोस्टमध्ये भाजलेल्या साखरेची, सुक्या मेव्याची, कोकोची छटा असते. ती डार्क रमला आणि व्हिस्कीला सख्खी. टकीलाबरोबर मी मीडियमच घेते, कारण टकीलाच्या स्वतःच्या हिरवट, मिरमिरीत चवीपुढे डार्क रोस्ट नुसता जळका वाटतो. घरात तीनच बाटल्या घ्यायच्या असतील तर मी व्होडका, डार्क रम आणि एक व्हिस्की घेईन. बाकी सगळं बियांवर सोपवेन.

लिक्योर मात्र मी विकत आणत नाही, घरीच करते. बाजारातली कॉफी लिक्योरं बहुतेक फार गोड असतात, आणि त्यात कुठली कॉफी आहे हे आपल्या हातात नसतं. कृती अगदी सरळ आहे. ५० ग्रॅम कॉफी जाडसर भरड दळायची, ४०० मिली थंड पाण्यात भिजवून फ्रिजमध्ये सोळा तास ठेवायची. आधी जाळीतून, मग कागदी फिल्टरमधून गाळायची. हा दुसरा टप्पा कंटाळवाणा आहे, थेंब थेंब पडत राहतं, पण टाळू नये, नाहीतर तळाला गाळ बसतो आणि आठवड्याभरात चव मातकट होते. पावडर आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, तेव्हा हातात ३०० मिलीच्या आसपास अर्क येतो. त्यात २०० ग्रॅम साखर न तापवता, नुसती ढवळून विरघळवायची. दहा मिनिटं लागतात. मग २५० मिली डार्क रम आणि व्हॅनिलाची अर्धी शेंग उभी चिरून. सगळं मिळून दारूचं प्रमाण साधारण १५ टक्क्यांवर येतं. म्हणजे हे बाहेर ठेवायचं नाही, फ्रिजमध्ये ठेवून महिन्याभरात संपवायचं. दोन दिवसांनी शेंग काढून टाकते, नाहीतर कॉफी मागे पडून नुसता आइस्क्रीमचा वास येत राहतो.

लिक्योर कसं झालंय हे तपासायला ब्लॅक रशियनसारखं पेय नाही. ५० मिली व्होडका, २० मिली लिक्योर, बर्फ, एवढंच. १९४९ साली ब्रसेल्सच्या हॉटेल मेट्रोपोलमध्ये गुस्ताव टॉप्स या बारटेंडरने ते केलं असं सांगितलं जातं. यात लपायला जागाच नाही. लिक्योर पांचट असेल तर व्होडका अंगावर येते, फार गोड असेल तर दुसरा घोट नको होतो. माझ्या नवऱ्याला हेच सगळ्यात आवडतं, आणि त्याच्यासाठी मी रमऐवजी व्हिस्कीत, साखर १५० ग्रॅमवर आणून वेगळी छोटी बाटली करते. ब्लॅक रशियनवरच पातळ क्रीम सोडलं की व्हाइट रशियन. ते मी फारसं करत नाही, क्रीमखाली कॉफीचे बारकावे बुजतात.

दुसरा एक मार्ग म्हणजे बिया थेट दारूत भिजवणं. २५० मिली रममध्ये १५ ग्रॅम अख्ख्या बिया, एक रात्र, मग गाळून घ्यायचं. अख्ख्याच हव्यात. दळलेली पावडर दारूत टाकली तर कडवटपणा फार वेगाने उतरतो. ही रम ५० मिली, दोनास एक पाक ५ मिली, बिटर्सचे (मसाल्यांच्या कडू अर्काचे) दोन झटके, आणि हलवायचं नाही, मोठ्या बर्फावर चमच्याने संथपणे ढवळायचं. इथे फेस नको आहे, नितळपणा हवा आहे. शेवटी संत्र्याच्या सालीची बोटभर पट्टी, पांढरा भाग जमेल तितका काढलेली, ग्लासवर धरून चिमटायची. उजेडाकडे तोंड करून हे केलं तर तेलाचा बारीक फवारा दिसतो, आणि तो पेयावर पडला की क्षणभर कॉफीचा वास संत्र्यातून येतो. ही पट्टी विसरायची नाही. तिच्याशिवाय हे पेय निम्मंच होतं. कॅम्पारी या कडू इटालियन लिक्योरमध्ये बिया भिजवून निग्रोनी हे कॉकटेलही छान होतं, पण तिथे कडूवर कडू चढतं, तेव्हा मिठाचे थेंब हवेतच.

आयरिश कॉफीने माझा सगळ्यात जास्त वेळ घेतला. १९४० च्या दशकात आयर्लंडमधल्या फॉइन्स इथल्या समुद्री विमानांच्या तळावर जो शेरिडन या शेफने थंडीने गारठलेल्या प्रवाशांसाठी ती केली. पुढे १९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्युएना व्हिस्टा कॅफेत तशीच करून बघायचा घाट घातला गेला, तेव्हा क्रीम सारखं बुडत होतं. घरी करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला तोच प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर वजनात आहे. गरम कॉफी मुळात हलकी, व्हिस्की तिला आणखी हलकी करते, त्यामुळे पातळ क्रीम सरळ खाली जातं. साखर विरघळली की खालचं पेय जड होतं, आणि क्रीममध्ये थोडी हवा भरली की वरचा थर हलका होतो. म्हणून आयरिश कॉफीत साखर नको म्हणणाऱ्यांना मी थोडी तरी घ्या असं आग्रहाने सांगते. ती नुसती गोडीसाठी नाही, क्रीम तिच्या आधारावर उभं आहे.

क्रीम ३५ टक्के किंवा त्याहून जास्त स्निग्धांशाचं, फ्रिजमधून काढलेलं. फेटायचं किती? ताठ व्हायच्या बरंच अलीकडे. चमचा उचलल्यावर क्रीम पट्टीसारखं पडावं, खाली पडल्यावर तिचा माग दोन-तीन सेकंद दिसावा आणि मग विरून जावा. ताठ झालं तर ते गोळ्यासारखं बसतं आणि ओठाला आधी फक्त लोण्यासारखं क्रीम लागतं. आपल्याला हवंय ते गार क्रीममधून गरम कॉफी येणं. ग्लास आधी उकळत्या पाण्याने तापवून घ्यायचा. मग एक मोठा चमचा ब्राऊन शुगर, १२० मिली गरम कॉफी, साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं, ४० मिली आयरिश व्हिस्की. पेय फिरायचं थांबू द्यायचं. मग चमचा पालथा पृष्ठभागाला टेकवून त्याच्या पाठीवरून क्रीम सोडायचं. कॉफी उकळती नको, नाहीतर दारूची वाफ थेट नाकात जाते आणि दुसरं काही कळतच नाही. इथे मी मोका पॉट वापरत नाही, कागदी फिल्टरची साधी कॉफी करते. मोका पॉटची १२० मिली म्हणजे फार जहाल.

यावरून एक गंभीर गोष्ट सांगायलाच हवी. कॉफी घेतली म्हणून दारू उतरत नाही. कॅफिन फक्त पेंग घालवतं, नशा तशीच राहते, आणि माणसाला वाटतं आपण ठीक आहोत. २०१० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कॅफिन घातलेली तयार मद्यं विकणाऱ्या चार कंपन्यांना इशारा दिला होता. शिवाय कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री दहाचा ग्लास पहाटे तीनलाही निम्मा अंगात असतो. आमच्याकडे नियम ठरलेला आहे: माणशी फार तर दोन, आणि जेवणानंतर डिकॅफ, म्हणजे कॅफिन काढलेली कॉफी. डिकॅफचा फेस जरा कमी येतो, पण ताजी मिळाली तर मार्टिनी उत्तम होते. गाडी चालवणाऱ्याला बिनदारूचाच ग्लास.

आणि बिनदारूचा ग्लास म्हणजे उरलंसुरलं नव्हे. माझा भाऊ दारू पीत नाही, आणि त्याच्यासाठी केलेलं पेय आता घरात सगळे मागतात. उंच ग्लासात बर्फ, १२० मिली टॉनिक (क्विनीन घातलेलं कडसर-गोड सोडा पाणी), वर लाइट रोस्टची ४० मिली निवलेली कॉफी. टॉनिक आधी, कॉफी नंतर, तीही चमच्यावरून धार धरून. उलट केलं तर टॉनिकमधला वायू एकदम सुटतो आणि अर्धा ग्लास ओट्यावर येतो. क्विनीनचा कडूपणा, टॉनिकची साखर आणि कॉफीचा आंबूसपणा यांचं इतकं छान जमतं की दारूची उणीव भासतच नाही. संत्र्याची साल इथेही हवी.

पाहुणे आठजण असले तरी आता माझी धांदल होत नाही. ३२० मिली व्होडका, १६० मिली लिक्योर आणि ४० मिली पाक दुपारीच एका बाटलीत एकत्र करून फ्रिजमध्ये ठेवते. बर्फ दुप्पट लागतो, तो आदल्या रात्री. कॉफी मात्र आधी करून ठेवायची नाही. सगळे बसले की मोका पॉट चढवायचा, आणि शेकरमध्ये एका वेळी दोघांपुरतं, म्हणजे बाटलीतलं १३० मिली आणि ताजी कॉफी ६० मिली, त्याहून जास्त नाही. चार फेऱ्या होतात, पण शेवटच्या ग्लासवरही फेस पहिल्याइतकाच येतो.